नरहरकाकांची फ्लॉपी

प्रिय विक्रांत,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही.

काल साकेत नगरला निर्मलाकाकूंकडे गेले होते. चहा ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "ह्यांच्या फ्लॉपीतून निघालं का गं काही?" मी म्हटलं, काम चालू आहे. त्या म्हणाल्या, "सावकाश करा. एवढी वर्षं थांबले, आता कसली घाई?" मी कप तसाच ठेवून उठले.

तुला नरहरकाका आठवत नसतील. बाबा त्यांच्याच कारखान्यात फिटर, म्हणून मला आठवतात. ते ड्रॉइंग विभागात होते. इथल्या छापखान्यांत हिंदीचा टाइप, त्यात ळ नाही. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात बाळ 'बाल' व्हायचं आणि लोक हसायचे. काकांनी संध्याकाळी मंडळाच्या कॉम्प्युटरवर बसून ठिपक्याठिपक्याने मराठी अक्षरं काढली, ती छापणारा प्रोग्रॅम लिहिला. एक्क्याण्णवचा अंक त्यावर निघाला. तुझ्या बाबांनी, श्रीकांतकाकांनी, सचिव म्हणून तो कॉम्प्युटर मंडळाला मिळवून दिला होता. तेही मोठंच काम होतं. तेवढंच सांगितलं असतं तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

फ्लॉपीची हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये उतरवायची, तिला डिस्क इमेज म्हणायचं, हे तूच मला शिकवलंस. इमेजमध्ये नवी फाइल कशी घालायची तेही कोऱ्या इमेजवर करून दाखवलंस, आणि बजावलंस की मंडळाच्या संग्रहातल्या इमेजला कधीही हात लावायचा नाही. बुरशी लागलेली काकांची फ्लॉपी एकदाच वाचली गेली, मग कायमची गेली. त्यांचं जे काही उरलं ते आपल्या दोन प्रतींमध्ये होतं.

त्या दोन्हींमध्ये आता तुझ्या बाबांच्या नावाचं एक 'मनोगत' आहे. त्यात प्रोग्रॅम श्रीकांतकाकांनी रचला आणि नरहरकाकांनी 'साहाय्य' केलं, असं लिहिलं आहे. फाइल बदलल्याची तारीख तू एक्क्याण्णवची केलीस. पण तेव्हाची यंत्रं तेवढी एकच तारीख लिहायची. फाइल बनवल्याची वेगळी तारीख आजची यंत्रं लिहितात, आणि तिथे गेला महिना आहे. मी विचारलं तेव्हा तू हसलास. "इतना कौन देखता है, योगिनी? काढून टाकतो, झालं."

झालं नाही, विक्रांत. तू ती फाइल रिकाम्या जागेत घातलीस ना? ती रिकामी नव्हती. पुसलेली फाइल यादीतून जाते, पण तिच्यावर दुसरं काही लिहीपर्यंत तिथेच पडून असते. काकांनी पुसलेले ळचे कच्चे आराखडे तिथे होते. पहिल्यांदा इमेज उघडली तेव्हा मी ओझरते पाहिले होते. नीट बाहेर काढून, छापून काकूंना द्यायचे होते. आता त्या जागी तुझ्या बाबांचं मनोगत आहे. ते काढलं तरी खालचं परत येत नाही.

घरी सांगितलं. मला वाटलं, बाबा चिडतील. ते म्हणाले, "थोडं सांभाळून घे बाई. असं घर आपल्याला परत मिळायचं नाही." घरातली पहिली पदवीधर म्हणून बरखेड्यात पेढे वाटणारे माझे बाबा. तुझ्यापेक्षा त्या वाक्याचा मला जास्त राग आला, आणि तो राग त्यांच्यावर काढताही येत नाही.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी 'प्रत मूळ फ्लॉपीबरहुकूम आहे' या दाखल्यावर माझी सही हवी आहे. ती मी करणार नाही. उद्या समितीपुढे दोन्ही तारखा दाखवीन आणि फाइल कोणी घातली तेही सांगेन. तिथून उठून काकूंकडे जाईन, कारण काय गेलं ते त्यांना अजून माहीत नाही. रविवारी साखरपुड्याला तुम्ही येऊ नका; आईला मी आज सांगितलं आहे. हे सगळं तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझीच होणार होती ती,
योगिनी