विसावा सदनाची दुरुस्ती आणि माझी बैठकीची खोली

मयूर विहार, दिल्ली
२० नोव्हेंबर १९९६

चि. विश्वनाथ यास कुमुदअक्काचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? गेल्या पत्रात त्यावर दीड पान होते, तेव्हा बसून लिहिण्याइतका बरा असावा. प्रभाला सांग, मेतकूट पोचले आणि संपलेही. मी ठीक आहे. डिसेंबरात येशील तेव्हा मात्र तुला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये उतरावे लागेल. तुझ्या कॉटवर तीन काळ्या ट्रंका आहेत.

आमच्या मंडळाचे विसावा सदन तुला माहीत आहे. बदलीवर दिल्लीला आलेल्या कुटुंबांनी क्वार्टर मिळेपर्यंत राहायची पहाडगंजातली आठ खोल्यांची इमारत. नव्वद दिवसांवर कोणी राहायचे नाही, हा नियम मीच लिहिलेला. इमारतीला अडतीस वर्षे झाली, जिना हलू लागला, तेव्हा दुरुस्ती ठरली. काम चाले तोवर प्रत्येक सभासदाने एक कुटुंब चार आठवडे आपल्या घरी ठेवावे, असा ठराव मी मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला, कारण आपले घर त्यात धरलेले नाही असे प्रत्येकाला वाटत होते. (अध्यक्ष शांतारामपंतांच्या फरीदाबादच्या चार खोल्यांत नेमके त्याच आठवड्यात रंगकाम निघाले. ते अजून चालू आहे.) चार आठवड्यांचे आठ महिने झाले. ठेकेदाराने खोल्या उघडल्या तर राहणाऱ्यांनी सामानासाठी घालून घेतलेले अकरा माळे, सात सिमेंटची फडताळे आणि व्हरांड्यात पक्के बांधलेले तुळशीवृंदावन निघाले. तो मला म्हणाला, "मॅडमजी, ये नब्बे दिन कौन-से कैलेंडर के हैं?"

माझ्या वाट्याला तानूबाई आणि तिची मुलगी प्रज्ञा आल्या. तानूबाईचा नवरा हणमंत हवालदार आहे, सध्या सरहद्दीवर. ही बाई पहाटे चारला उठते. नळाला पाणी साडेपाचला येते, पण ती दीड तास आधीपासून त्याच्यावर लक्ष ठेवते. मग घरातले सगळे भरून ठेवते (फुलदाणीसुद्धा). माझे डाळींचे डबे तिने उंचीप्रमाणे लावले. मी म्हटले, "तानूबाई, माझ्या डब्यांना क्रम होता." ती म्हणाली, "व्हता की बाई. पर त्यो तुमास्नीच ठावं." ट्रंकांवर पांढऱ्या रंगात हणमंताचे नाव, नंबर आणि हुद्दा आहे. मंडळाच्या बैठकीला आलेल्या बायका त्यांवरच बसतात. पहिले पाच महिने तानूबाईने एकही ट्रंक पूर्ण उपसली नाही. सवयच नाही, म्हणाली. सहाव्या महिन्यात तिने परातही बाहेर काढली.

मुलीच्या सहा छावण्यांत सहा शाळा झाल्या. प्रत्येक शाळेत ती सत्राच्या मध्ये पोचली, त्यामुळे बीजगणिताचा पहिला धडा तिला कुठेच भेटला नाही. माझी गणिताची बी. ए. चाळीस वर्षे पेटीत पडून होती, ती बाहेर काढावी लागली. "मावशी, ये एक्स नेहमी हरवतोच का, यार?" असे ती विचारते. मी यार नाही, हे मी तिला रोज सांगते. एप्रिलात शंभरपैकी अकरा, परवा चौसष्ट. आता सदन तयार झाले आहे. इंजिनिअरचा दाखला मिळाला की सात दिवसांत सर्वांनी परत जायचे (हाही नियम माझाच), मग तिथे नव्वद दिवस, मग हवालदाराला जिथे क्वार्टर मिळेल तिथे सातवी शाळा. एकदाचे माझे घर मोकळे होईल. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
कुमुदअक्का

ता. क. : सदनाचा दाखला तुझ्याकडून घ्यावा असे मी मंडळाला सुचवले आहे. पश्चिमेकडच्या तीन नंबरच्या खोलीत मला ओल वाटते. मी भिंतीला हात लावून पाहिला, ठणठणीत कोरडी आहे. पण तू पस्तीस वर्षे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होतास, तुला दिसेल. भिंत वाळायला मार्च उजाडेल, एवढेच लिही. तू जन्मात खोटा दाखला दिला नाहीस हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तुझाच चालेल. प्रज्ञाची दहावीची परीक्षा मार्चात आहे.

आणखी एक : प्रज्ञा सध्या नववीत आहे. दाखल्यात मार्चपुढे १९९८ हे साल घालायला विसरू नकोस.