उंबऱ्याचा दगड

जयसिंगपूर,
६ जानेवारी २०२५

चि. प्रसेनजीत,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत. थंडीत माझे गुडघे तेवढे कुरकुरतात. सूनबाईनं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलीय. हायकोर्टातून निवृत्त झाल्यावर तू पहिल्यांदाच गावात येणार, म्हणून रविवारच्या सत्काराचा मंडप आत्ताच उभा राहिलाय.

हे फोनवर बोलले असते. पण फोनवर तू "बघू" म्हणतोस आणि विषय तिथंच संपतो.

गावातलं आपलं घर गेलं. दिवाळीनंतर रस्ता रुंद केला, त्यात पाडलं. तुला कळलं असेलच.

आता "न्यायमूर्तींचे बालपणीचे घर" अशी पाटी तुझ्या हस्ते विजयसिंहांच्या घराला लागणार आहे. हो, त्याच थोरल्या घराला. सत्कार समितीचे अध्यक्ष तेच. मी जाऊन विचारलं, तर म्हणाले, "आक्का, पाटी लावायला भिंत तर पायजे की. तुमची ऱ्हायली न्हाय. आन् सायेब आमच्याच गोठ्याच्या दिव्यावर शिकलं न्हवं? मग खोटं काय हाय त्यात?"

खोटं नाही. आपल्याकडे वीज नव्हती. तू त्यांच्या गोठ्याच्या दाराशी बसून वाचायचास, पण बाहेरच्या बाजूला, पावसातसुद्धा. आत ये, असं त्या घरातून कधी कोणी म्हटलं नाही. आई त्यांचं अंगण झाडायची आणि वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायची. पाटीवर यातलं काहीच नसणार, आणि मला संताप येतो तो त्याचाच.

मी निघाले तर विजयसिंह मागून म्हणाले, "सायबांचा होकार हाय. फोन झालाय आमचा."

तू खरंच हो म्हणालास का, हे मी विचारत नाही. उत्तराची भीती वाटते रे.

घर पाडलं त्या दिवशी जेसीबीवाल्याला थांबवून उंबऱ्याचा दगड तेवढा मी काढून घेतला होता. तू अभ्यास करून परत येईपर्यंत आई त्यावर बसून असायची. रविवारी सकाळी तो दगड मी घराच्या जागी, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवणार आहे आणि त्यावर बसणार आहे. मंडपातली माझी खुर्ची रिकामी राहील.

मंडपाकडे जायला दुसरा रस्ता नाही. तुझी गाडी माझ्यासमोरूनच जाईल. थांबायचं की पुढं जायचं, ते तू ठरव. मी हात करणार नाही.

आईच्या जागी बसलेली,
तुझी आक्का