नल्लागट्टूची शीव

केंब्रिज, ओंटारिओ
४ जानेवारी २००९

ति. स्व. दादास,
चित्राचा शि. सा. न. वि. वि.

नवीन वर्ष लागलं. आम्ही सगळे खुशाल आहोत. शंतनुच्या कारखान्यातली एक शिफ्ट बंद झाली, पण त्याची नोकरी शाबूत आहे. हे रोज सकाळी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करतात आणि मग दिवसभर कंबर धरून बसतात. मदतीला कुणी गेलं की वर रागावतात. ईशानी आठ वर्षांची झाली. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच देते, पण आजीच्या गोष्टी कान टवकारून ऐकते.

आता मुद्द्याचं. सुनंदावहिनी जाऊन दोन वर्षं झाली. तू सस्काटूनपासून तासभर लांब, तळ्याकाठच्या त्या घरात एकटा राहतोस. कान गेले म्हणून फोनही काढून टाकलास. उणे चाळीसमध्ये घसरून पडलास तर आम्हाला काय पत्राने कळायचं? आमचा बेसमेंट रिकामा आहे, वॉशरूम वेगळी आहे, शंतनुने तुझ्यासाठी पलंगसुद्धा जोडून ठेवलाय. ये ना रे. दर पत्रात हेच लिहिते. मला लाज नाही, तुला तरी वाटू दे.

लोभ आहेच, तो जवळ येऊन करावास.
तुझी चित्रा

सस्काटून
२० जानेवारी २००९

चि. सौ. चित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोटॅशच्या खाणीत सर्व्हेअर म्हणून तीस वर्षं जमिनीखाली काढली, आता म्हातारपणी पुन्हा तळघरात घालतेस होय?

शिवाय मी रिकामा नाही. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यावर पुस्तक लिहायला घेतलंय, ईशानीसाठी. तीन प्रकरणं: भूगोल, इतिहास आणि लोक. भूगोल झाला. वर पैनगंगा, खाली गोदावरी, मध्ये निर्मळचे डोंगर, सागवानाचं रान आणि कापसाची काळी जमीन. (चौथीत तू गोदावरी वर दाखवून बाबांची छडी खाल्ली होतीस, तेही घातलंय.) इतिहासही झाला. गोंड राजे, मग निजाम, आणि शेवटी आपल्या बाबांसारखे मराठी मास्तर, ज्यांना त्या तेलुगू गावाने पंतुलू म्हणून पोटात घेतलं.

लोकांवर मात्र गाडं अडलंय. आपलं नल्लागट्टू सत्तर साली धरणाच्या पाण्याखाली गेलं, माणसं कुठे कुठे पांगली. विचारू कुणाला? म्हणून घराघराचा नकाशा काढतोय. शहाऐंशी घरं होती. चिंचेच्या पारापासून तिसरं घर कुणाचं, ते कळव.

आणखी एक. पंचावन्न साली गावाच्या मध्यभागी बोड्राई बसवली. गावाची बेंबी म्हणायचे त्या दगडाला. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, तरी त्या दिवसातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. एक मोहाचं झाड आणि आईच्या डब्यातली भाकरी, एवढंच. ताप होता का मला?

घरातल्या थोरांना नमस्कार, ईशानीला पापा.
तुझा विलासदादा

केंब्रिज
५ फेब्रुवारी २००९

ति. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तकाचं वाचून बरं वाटलं. निदान खुर्चीत बसून राहशील. तिसरं घर लसुमव्वा कुंभारणीचं. दार पूर्वेला होतं, दारात मडक्यांची उतरंड असायची.

बोड्राईचा दिवस मला लख्ख आठवतो. आठवडाभर आधी गावातले सगळे भाऊ हातात कोरी साडी घेऊन निघाले होते, सासरी गेलेल्या बहिणींना आणायला. सख्ख्या भावाने आणलेली ती साडी बहिणीने हातात घेतली की नाही म्हणायची सोय नसे. सासरचेही अडवत नसत. गावात जन्मलेलं एकूण एक माणूस आत यावं लागे. मग म्हाताऱ्या पोशेट्टीने डोकी मोजली. एक जरी कमी भरलं तरी शीव बंद करता येत नाही, थांबावं लागतं. मोजणी पुरी झाली तसे चारजण पोली, पोली असं ओरडत शिवेवरून हळदीचा भात शिंपत गेले. त्यानंतर ना कुणी आत, ना कुणी बाहेर.

तुला का आठवत नाही ते मला ठाऊक आहे. पण आईने सांगू नको म्हटलं होतं, म्हणून आत्ता राहू दे.

थंडी फार आहे म्हणतात. कानटोपी घालत जा. उत्तराची वाट पाहते.
तुझी चित्रा

सस्काटून
२ मार्च २००९

चि. सौ. चित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद पुरेना, म्हणून गंमत केली. तळ्यावर तीन फूट बर्फ आहे, पाटासारखा सपाट. मोजणीचा जुना थिओडोलाइट काढला, गुलाबी फिती बांधलेल्या खुंट्या रोवल्या आणि अख्खं नल्लागट्टू खऱ्या मापाने बर्फावर आखलं. गल्ल्या, पार, शाळा, सगळं. मधोमध काठावरचा एक गोल दगड नेऊन ठेवला.

तुझी एक चूक सांगतो. लसुमव्वाचं दार पूर्वेला नव्हतं, दक्षिणेला होतं. तिनेच दाखवलं.

माझं डोकं ठिकाणावर आहे. भलतं समजू नकोस. आधी तीच आली, भर दुपारी. मग पोशेट्टी, मग साळ्यांकडचे, मग एकेक घर. पायांत कुणाच्या काही नसतं, पण थंडीचं कुणी बोलत नाही. यंत्र लावल्याशिवाय मला तुझ्या वहिनीचं ओरडणं ऐकू येत नसे, आणि यांचं तेलुगू मात्र स्वच्छ ऐकू येतं. प्रत्येकाला आपलं नाव पुस्तकात हवंय. मी वही घेऊन उभा राहतो. बापाचं नाव, धंदा, किती मुलं. लोकांचं प्रकरण सुटलं एकदाचं! दोन वर्षांत इतकी माणसं माझ्याशी बोलली नव्हती, चित्रा.

पोशेट्टी म्हणाला की पाण्याने जुनी बोड्राई उखडली, आता इथे नवी बसवायची. चैत्र पौर्णिमेला, ९ एप्रिलला, दिवस मावळताना शीव बंद होईल. मी आतच राहणार आहे. मोजणी झाली, फक्त एक डोकं कमी भरतंय. तुझं. तेवढी ये. आजवर तू मला बोलावलंस, आता मी तुला बोलावतो.

सर्वांना यथायोग्य.
तुझा विलासदादा

केंब्रिज
१६ मार्च २००९

ति. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून लगेच भीमरावांना फोन केला. खाणीतले तुझे हे मित्र दर आंबेडकर जयंतीला अंधश्रद्धेवर भाषण ठोकतात, तेव्हा खरं तेच सांगतील असं वाटलं. बिचारे त्याच दिवशी गाडी काढून तुझ्याकडे येऊन गेले. मला म्हणाले की विलास ठणठणीत आहे, चहा केला, जोकही मारले. मग म्हणाले की ताई, रात्री नवा बर्फ पडला होता आणि त्यावर पावलं होती. अनवाणी, शेकडो. सगळी खुंट्यांच्या आत. बाहेर यायला किंवा जायला एकही नाही. हे कुणाला सांगू नका म्हणाले. एप्रिलमध्ये तळ्यावर पाय ठेवणं म्हणजे मरण, असंही म्हणाले.

तुला ओढून आणायला मी विमानाचं तिकीट काढलं होतं. ते रद्द केलं. मी आले की मोजणी पुरी होईल आणि तू आत अडकशील. पण मी न येऊन तरी काय होणार? तू वाट बघत त्या बर्फावर बसशील आणि बर्फ पाघळेल. म्हणून आईची शपथ मोडते.

दादा, तू नल्लागट्टूचा नाहीस. पहिलं बाळंतपण माहेरी, तसा तू नांदेडला आजोळी जन्मलास. बाबांनी सोयीसाठी शाळेच्या दाखल्यावर नल्लागट्टू लिहिलं आणि तेच पुढे पासपोर्टवर चढलं. माझ्या वेळी गोदावरीला पूर होता, आईला निघता आलं नाही, म्हणून माझी नाळ लसुमव्वाने कापली. पंचावन्न साली पोशेट्टीने तिथे न जन्मलेल्यांना हात जोडून बाहेर काढलं. बाबा, आई आणि तू शिवेपलीकडे मोहाच्या झाडाखाली भाकरी खात बसलात. मी सात वर्षांची, एकटी आत. रडले तर लसुमव्वाने मला आपल्या लेकीची साडी गुंडाळली आणि मांडीवर घेतलं. दादाला गाव आपलं वाटतं, त्याला कधी सांगू नको, असं आई मरेपर्यंत म्हणायची.

तुला दुखवलं, माफ कर. पण हे पोशेट्टीला सांग. ती माणसं रीत मोडायची नाहीत. तुला सोडतील.

पाया पडते, बर्फावरून उतर.
तुझी चित्रा

सस्काटून
११ एप्रिल २००९

चि. सौ. चित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी भयंकर चिडलो. दोन दिवस जेवलो नाही. चौसष्ट वर्षं जे गाव उराशी धरलं ते आपलं नव्हेच, हे पचवायला वेळ लागतो. पण बाबांचा मुलगा आहे, चुकीची नोंद ठेवता येईना. पौर्णिमेच्या दिवशी पोशेट्टीला सांगून टाकलं.

तो रागावला नाही. पंतुलूनेही तेव्हा असंच मान खाली घालून ऐकलं होतं, एवढंच म्हणाला. सगळं गाव मला काठापर्यंत पोचवायला आलं, म्हणजे शेवटच्या खुंटीपर्यंत. ऊन उतरत होतं. मी काठावर पाय ठेवला आणि मागे बर्फ फुटला. माझ्यासारख्या ठार बहिऱ्याला तो आवाज ऐकू आला. वळून बघतो तो एक खुंटी नाही. मधोमध काळं पाणी, बरोबर शहाऐंशी घरांएवढं, आणि भोवती बर्फ जसाच्या तसा. भीमराव म्हणतात खाली झरा असेल. असेल.

तुझ्यामुळे वाचलो, हे कबूल. आता इथे करमत नाही. तू जिंकलीस. २५ एप्रिलचं विमान आहे, शंतनुला पलंग झाडून ठेवायला सांग.

हो, शीव काही बंद झाली नाही. एक डोकं कमीच होतं ना. ते थांबायला तयार आहेत. निघताना लसुमव्वाने तुझ्यासाठी साडी दिलीय, कोरी. तीन वेळा बजावलं, तूच नेऊन दे म्हणून. ओली आहे. दोन दिवस फर्नेसजवळ टाकली तरी वाळत नाही. तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणतो. चालेल ना?

भेटीअंती बोलूच.
तुझा विलासदादा

केंब्रिज
१७ एप्रिल २००९

ति. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र एक्सप्रेस पोस्टाने टाकते आहे, म्हणजे तू निघण्याआधी पोचेल. तिकीट रद्द कर.

तू वाचलास, मी देवापुढे साखर ठेवली. आणि मग साडीचं वाचलं. दादा, सर्व्हेअर झालास, खाणी मोजल्यास, आणि एवढं कसं रे कळलं नाही तुला? तू त्यांचा नाहीस, म्हणून तुला सोडलं. मी त्यांची आहे. आणि मला न्यायला सख्ख्या भावालाच धाडतायत.

दोन वर्षं मी ये ये म्हणून तुझ्या मागे लागले. आता हात जोडून सांगते, येऊ नकोस. पुढच्या वर्षीही नको, माझ्या आजारपणातही नको. भीमराव तुला सस्काटूनमध्ये त्यांच्या घराजवळ कॉन्डो बघून देणार आहेत, मी बोलले आहे. तिथे राहा. पुस्तक पुरं कर, ईशानी वाचायला शिकेल. पत्र मात्र दर आठवड्याला हवं. साडी टाकू नकोस, जाळू नकोस, कुणाला देऊ नकोस. तुझ्यापाशीच राहू दे.

मी घाबरले आहे असं समजू नकोस. खरं सांगायचं तर तसं नाही, आणि तेच वाईट आहे. तुझं पत्र वाचल्यापासून काम करताना मध्येच ती मांडी आठवते. इतकी ऊब मला पुढे कुठे मिळाली नाही. तू दारात ती साडी घेऊन उभा राहिलास तर मी नाही म्हणणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. इथे ईशानी आहे, हे आहेत. मला इथे राहायचंय.

लोभ आहे, जन्मभर राहील, पण तो दुरूनच कर.
तुझी चित्रा

ता. क. साडीचा रंग तू लिहिला नाहीस. लसुमव्वाने मला गुंडाळली होती तशी, हिरवी आणि पिवळ्या काठाची असेल, तर मला कळवू नकोस.