चौकातला वरवंटा

तुर्भे,
६ जानेवारी १९९७

ती. दादास,
सत्यभामाचा शि. सा. न. वि. वि.

ह्यांना परवा दवाखान्यातून घरी आणलं. डावा पाय गुडघ्याखाली काढला. मार्केटात पोती उचलणारा माणूस, आता पाण्याच्या तांब्यासाठी हाका मारतो. सायकल दिसली की तोंड भिंतीकडे करतात. माझ्या जिवाची कशी लाही होते काय सांगू!

चौकात सायकलवाल्यांसाठी पांढरी पट्टी आखलेली आहे, पण कोपऱ्यावर वामनशेठचा मसाल्याचा गाळा. त्याचे टेम्पो दिवसभर पट्टीवरच उभे. त्यांना वळसा घालायला हे रस्त्याच्या मधे गेले आणि मागून ट्रक आला. शेठ सफरचंदं घेऊन दवाखान्यात आला होता. म्हणे सायकलवाल्यांनी जपून चालवावं, आम्ही काय धंदा बंद ठेवायचा? मेल्याची जीभ झडो. जिथं ह्यांचा पाय गेला, तिथंच त्याची मान खाली गेलेली मला बघायची आहे.

तू जन्मभर सडका बांधल्यास. हा चौक कसा पाहिजे ते कागदावर काढून दे. वहिनीला नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझी,
सत्यभामा

कऱ्हाड,
१५ जानेवारी १९९७

चि. सौ. सत्यभामा हीस,
रणजीतदादाचे अनेक आशीर्वाद.

नकाशा सोबत आहे. नुसत्या रंगाला टेम्पो भीत नाही. सायकलची पट्टी रस्त्यापासून वीतभर उंच घ्यायची आणि कडेला दगड बसवायचे. तुमचा कोपरा इतका ऐसपैस आहे की ट्रक वेग न मोडता वळतो. कोपरा आवळला की ब्रेक दाबावाच लागेल. सिग्नलला सायकलींची थांबायची रेघ ट्रकच्या पुढं हवी, म्हणजे ड्रायव्हरला माणूस दिसतो. महापालिकेच्या ऑफिसातल्या साहेबांना भेट, आणि दाजींना बरोबर ने.

सुडाचं मात्र डोक्यातून काढ. तुझा राग पहिल्यापासून नाकाच्या शेंड्यावर. पाण्यात राहून माशाशी वैर परवडायचं नाही. दाजींना जप, आणि दोन ओळी टाकत जा.

तुझा,
दादा

तुर्भे,
१० मार्च १९९७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नकाशा साहेबांना पटला, काम मंजूर झालं. शेठनं धंदा बुडतो म्हणून ओरड केली आणि काम थांबलं. मग माझं डोकं फिरलं. आईनं लग्नात दिलेला वरवंटा घेतला, त्याला शेंदूर फासला आणि पहाटे पट्टीच्या तोंडाशी रोवून आले. टेम्पोवाला आला, चपला काढून पाया पडला आणि गाडी मुकाट मागं घेतली! आठवडाभर पट्टी मोकळी. हमाल, दूधवाले, सगळे बाजूनं घंटी वाजवत जातात.

पण शेठ बारा गावचं पाणी प्यालेला. आता म्हणतो, तिथं मारुतीचं देऊळ बांधू. म्हणजे अख्खी पट्टीच गिळणार, आणि शेजारी नारळाचं दुकान त्याच्या मेव्हण्याचं. येत्या शनिवारी स्थापना आहे. साहेब म्हणतात, देवाच्या कामात हात घालता येत नाही. माझ्याच वरवंट्यानं माझं डोकं फुटायची वेळ आली. काय करू, लगेच कळव.

तुझी,
सत्यभामा

कऱ्हाड,
१३ मार्च १९९७

चि. सत्यभामा हीस आशीर्वाद.

अगं, अक्कल गहाण ठेवलीस का? लोकांना कळलं तर मार खाशील. शनिवारी घराबाहेर पडू नकोस. मी रविवारी येतो, मग बघू. एवढं ऐक माझं.

दादा

तुर्भे,
२ जून १९९७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू आलास तेव्हा ह्यांच्यासमोर सगळं बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. त्या शनिवारी अख्खं मार्केट जमलं होतं. शेठ सोवळं नेसून साष्टांग पडला, जिथं ह्यांचा पाय गेला तिथंच. मी डोळे भरून बघून घेतलं. तुझी चिठ्ठी आठवून तेवढ्यावर घरी येणार होते. पण उठून त्यानं देवळाच्या पायासाठी पहार मागवली, आणि मला राहवलं नाही. हातगाडीवर घालून नेलेला पाटा मी समोर ठेवला, शेंदराचा वरवंटा उपटून त्यावर फिरवला आणि सांगितलं, हा देव नाही, माझ्या आईचा वरवंटा आहे. पाया पडायचंच असेल तर इथं ज्याचा पाय गेलाय त्या माणसाच्या पडा. लोक अंगावर येणार असंच वाटलं.

तेवढ्यात शेठची आई यशोदाबाई पुढं झाल्या. वरवंटा हातात घेऊन बघितला आणि लेकाला म्हणाल्या, बाईची वस्तू पुसून दे. सगळ्यांदेखत त्यानं स्वतःच्या उपरण्यानं शेंदूर पुसला आणि मान खाली घालून माझ्या हातात दिला. आता हमाल त्याला रोज विचारतात, शेठ, आज चटणी कसली?

देवच राहिला नाही, तेव्हा साहेबांनी काम पुरं केलं, तुझ्या नकाशाबरहुकूम. ट्रक आता कोपऱ्यावर दबकत वळतात. ह्यांनीपण चौकात जाऊन ते बघितलं.

राग गेला का, असं विचारलं होतंस. नाही गेला. काल शेठची पोर सुनयना नव्या पट्टीवरून सायकल चालवत क्लासला निघाली होती. माझ्या तोंडात शिवी आली होती. तेवढ्यात एक ट्रक जोरात आला आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडले, पोरी, कडेच्या आत राहा! ती आतच होती. हसून पुढं गेली. शेठच्या पोरीसाठी माझा जीव का तुटावा, ह्याचा संताप येऊन मी रात्री जेवले नाही.

वहिनीला नमस्कार, लेकरांना गोड पापा. बहिणीवर अशीच सावली धर.

तुझी,
सत्यभामा