करवती किनारीचा मोजा

बाबा, तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली आणि आज सकाळी मी तुमच्यावर असा चिडलो की समोर असता तर भांडलोच असतो. कारण सांगितलं तर हसाल. कारण एक लोकरीचा मोजा आहे.

कॉलेज मी दुसऱ्या वर्षातच सोडलं. प्रयोगाच्या मास्तरांशी वाद झाला, वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि घरी आलो. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. मागच्या गल्लीतली ती मात्र बोलत राहिली. चार सुयांवर मोजा विणायला तिनंच शिकवलं, हात गुंतले तर डोकं थंड राहील म्हणून. उद्या सकाळच्या एसटीनं ती नर्सिंग शिकायला नागपूरला चालली आहे. गेल्या सोमवारी मी तिला मनातलं सांगून टाकलं. ती म्हणाली, "तू कोणतंच काम शेवटाले नेत नाहीस. दोन रंगांचा मोजा करून दाखव, नक्षी तुह्याच डोक्यातली पाहिजे. एकच कर, पण पुरा. जोडीचं मग पाहू."

कॉलेजातले आलेखाचे कोरे कागद तेवढे उरले होते. एक चौकोन म्हणजे एक टाका. मरून रंगावर करवतीसारखे पांढरे दात, खाली तीन टाके, वर एक. सहा दिवस विणलं, खोडलं, पुन्हा मोजलं. आज सकाळी मोजा झाला. तिचा नि आईचा पाय एका मापाचा, देवळाबाहेर दोघींच्या चपला बदलल्या होत्या तेव्हापासून ठाऊक आहे. आईला घालून पाहायला लावला. टाचेपाशी येऊन जो अडकला तो अडकलाच.

"काय रे बावा, आता पाय कापाचा का माह्या?" आई म्हणाली.

मी तो ओढून काढला आणि कात्री घेतली. कापणारच होतो, पण मोजा उलटा झाला होता आणि आतले धागे दिसले. एका रंगाचे टाके चालू असताना दुसरा धागा मागून मोकळा न्यायचा असतो. मी तो दर टाक्याला ओढून घेतला होता. आत सगळा मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताठ ताणा झाला होता, बोट शिरेना.

ही खोड तुमची, बाबा. मी नऊ वर्षांचा, तुमच्या शेजारी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलोय. साडीच्या करवती काठाच्या एका दातात माझ्या हातून धागा सैल राहतो आणि तुम्ही हातातला लाकडी धोटा माझ्या बोटांवर मारता. "ढिला धागा म्हणजे दात पडलेली करवत. पुन्हा दिसला नाही पाहिजे मले." बाबा, पुन्हा नाही दिसला. म्हणूनच मोजा पायात जात नाही. मी हे आईला ओरडून सांगितलं, तुमच्या नावानं नको ते बोललो.

ती शांतपणे म्हणाली, "तेवढंच ध्यानात राहिलं का तुह्या? सांजच्याले उठाच्या आधी ते ताणा ढिला करत. म्हणत, दिवसभर ताणून राहिला बिचारा, आता सुस्तावू द्या."

हे मी रोज पाहिलं होतं. खुंटी काढल्याचा आवाज मला आताही ऐकू येतो. तरी लक्षात राहिला तो धोटाच.

फक्त नक्षीचा पट्टा, दातांच्या सुरुवातीपर्यंत, उसवला. या वेळी डाव्या हाताची बोटं आतून पसरून धागा सोडत गेलो. दुपार कलली तेव्हा आईनं पुन्हा पाय घातला. टाच गेली. तिनं पाय पुढे करून बराच वेळ पाहिलं. "हे किनार त त्यायच्या हातची हाये."

"नाही," मी म्हटलं, "माह्याच डोक्यातली हाये."

आई मोजा लवकर काढेना.

हे त्याच आलेखाच्या पाठीमागे लिहितोय, पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही. मंगळवारी आई तलावावर गेली होती तेव्हा तिच्या पेटीतून तुम्ही विणलेली कोशाच्या रेशमाची साडी मी काढली आणि काठाचे दात एकेक करून कागदावर उतरवले. परत ठेवताना घडी जमली नाही. आईनं ती पाहिली असणार. उद्या एसटीपाशी तिला मोजा देताना नक्षी कुणाची ते खरं सांगायचं आहे, आणि असं खरं कधी बोललो नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगून पाहिलं.