कुलपामागचं शेवाळ

३ जानेवारी, सकाळ
रिटायर झाल्यापासून घरात माझी किंमत कोपऱ्यातल्या खुर्चीएवढी. म्हणून जुन्या रेल्वे डब्यांच्या शेडमध्ये नाव नोंदवलं. सगळे हौशी, बिनपगारी. एक लाकडी डबा दुरुस्त करून मार्चमध्ये छोट्या लाइनीवर फिरवणार. त्याला गार्ड लागेल. टोपी, शिट्टी, हिरवा झेंडा. तो मीच. इतरांना अजून सांगितलेलं नाही.
ही म्हणाली, आधी बाथरूमची कडी बसवा. कडी किरकोळ आहे. शिट्टी आणली. वाजत नाही. नवीन आहे, रुळेल.

५ जानेवारी
शेडच्या प्रमुख एक रिटायर्ड डेंटिस्ट बाई. दात कोरायच्या हत्यारांनी जुना रंग खरवडतात, डब्याला पेशंट म्हणतात. ड्रॉइंग मास्तर त्यांच्या हो ला हो करतात. मला सँडपेपर देऊन दार घासायला लावलं. गार्डला दाराची माहिती हवीच. बाईंची पारख चांगली आहे.
हात कामातून गेले. कडी उद्या.

१२ जानेवारी
मीटिंगला गेलो नाही. मीटिंग म्हणजे कामचोरांचा चहा.

१३ जानेवारी, सकाळ
सगळ्यांच्या आधी पोचलो. काल मीटिंग झोडणाऱ्यांनी दाराशेजारी तळहाताएवढा तुकडा न घासता तसाच सोडलेला! भोवती चिकटपट्टीची चौकट, आत रंगांची वर्तुळं आणि मधोमध, तळाशी, चक्क शेवाळ. हिरवट, मळकट. घासून घासून कोरं लाकूड काढलं. कुणाला बोललो नाही. मिरवायचा माझा स्वभावच नाही.

१३ जानेवारी, संध्याकाळ
आक्रीत! तो तुकडा मुद्दाम ठेवला होता म्हणे, कालच्या मीटिंगमध्ये ठरवून. तळाचा थर म्हणजे डब्याचा अगदी पहिला रंग. आज मास्तर तो बघून हुबेहूब रंग बनवणार होते. बाकीचा डबा तर आम्ही सगळ्यांनी मिळून आधीच साफ केलाय. मास्तर डोकं धरून बसले. बाईंनी विचारलं, कुणी केलं? मी तेव्हा चहा गाळत होतो. गाळताना बोललं की सांडतो.
चूक त्यांचीच. एक पाटी लावायला काय जात होतं?

१४ जानेवारी
बाई दिवसभर त्या कोऱ्या लाकडावर भिंग फिरवत होत्या. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. म्हणून मदत केली. सांगितलं, लहानपणी मी याच डब्यातून जायचो, रंग गडद लाल, मरून होता. जायचो की नाही, नीट आठवत नाही. पण मरून शोभतो. मास्तरांनी माझा हात हातात घेतला. बाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. भारावल्या असणार.

९ फेब्रुवारी
डबा मरून झाला. एकमताने ठरलं, गार्ड मी! हिला सांगितलं. ही म्हणाली, कडी.
बाबांना गार्ड व्हायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि जन्मभर तिकीट खिडकीमागे बसले. दिवसभर एकच वाक्य, चला, पुढचे. गाडी सुटायची वेळ झाली की मात्र काम सोडून वाकून झेंडा बघायचे. त्यांचा तो चेहरा मी पाहिलाय. उद्घाटनाला तो झेंडा माझ्या हातात असेल, बाबा.
अक्षर हललंय. थंडी फार आहे.

६ मार्च, शनिवार
उद्या उद्घाटन. माझ्या दाराचं पितळी कुलूप चमकायला हवं, म्हणून स्क्रू काढून ते खाली उतरवलं. मागे तेच शेवाळ! म्हणजे तोच तो पहिला रंग. तिथे कुणाचाच हात पोचला नव्हता. संपूर्ण डबा मरून आणि खरा रंग हा असा, डबक्यासारखा.
कुलूप परत बसवून टाकणार होतो. पण पुढेमागे कुणी काढलं तर? सँडपेपर खिशात होताच. टेकवला मात्र, मागून बाई शांतपणे म्हणाल्या, तो राहू द्या, आता तेवढाच उरलाय.
त्या दिवशी चहा गाळताना माझ्या बाहीवर हिरवी भुकटी होती म्हणे. शर्ट मुळातच हिरवट आहे. मी विचारलं, मग मरून का लावू दिलात? म्हणाल्या, पुरावा गेलाच होता, कुठला तरी रंग लावायचाच होता; पण वाटलं, ब्रश बुडवायच्या आधी तरी तुम्ही बोलाल.
मी बोलणारच होतो. विषय निघाला नाही.

७ मार्च, सकाळ
आंघोळीला गेलो तर कडी बसवलेली. हिनेच. कधी, ते विचारायची हिंमत झाली नाही.

७ मार्च, संध्याकाळ
ही उद्घाटन बघायला आली होती. गार्डची टोपी हिच्या डोक्यावर गेली. बाईंनीच ठेवली. ही नको नको म्हणाली, पण फार वेळ नाही. माझी शिट्टी हिने तोंडाला लावली आणि पहिल्याच फुंकेला वाजली.
मला दाराशी उभं केलं, कुलूप काढलेल्या उघड्या जागेपाशी. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, हा मूळ रंग, बाकीचा माझ्या चुकीने. मी ‘तांत्रिक कारणाने’ म्हणत होतो. बाई जवळच उभ्या राहिल्या, मग ‘माझ्या चुकीने’ म्हणू लागलो. तसं बघितलं तर मुख्य आकर्षण मीच होतो.
गाडी सुटताना काम सोडून दारातून वाकलो आणि झेंडा बघितला. हिने छान हलवला. डोळ्यांत काहीतरी गेलं. रंगाची भुकटी असेल.
मागे डब्यात रंग बघणाऱ्यांची रांग खोळंबली होती. तोंडातून आपोआप निघालं, चला, पुढचे. आवाज हुबेहूब बाबांचा.