ओल्या कोपऱ्यातलं झाड

४ नोव्हेंबर

चि. टाचणी हिस,
अनेक आशीर्वाद.

आधी सवयीनं 'चि. सौ.' लिहिलं. मग 'सौ.' खोडलं. खोडलेलं तुला दिसलं असतं, म्हणून तो कागद फाडून हा दुसरा घेतला. घटस्फोटावर तुमच्या सह्या झाल्या आणि माझी मायना लिहायची पंचाईत झाली. सासू होते तेव्हा तुला टाचणी म्हणायचे, तेच नाव राहू दे. ते कुठल्या कागदावर नोंदवलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी रद्दही केलेलं नाही.

पत्राला कारण घडलं आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीखालचं अंजिराचं झाड परवाच्या वाऱ्यात आडवं झालं. आता ओट्याशी उभी राहिले की समोर थेट भिंत. नर्सरीवाल्याला बोलावलं, तर त्यानं दोन गोष्टी सुचवल्या. एक सेज, निळ्या-जांभळ्या तुऱ्यांचं झुडूप. तो त्याला साल्व्हिया म्हणतो. दुसरं नासपतीचं कलम. दोन्हींची इतकी तारीफ केली की जणू स्थळं घेऊन आला होता. बाग तू मांडलेली, तेव्हा तूच सांग.

फोन का नाही केला म्हणशील. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा, लोकांची बोलणी जोडून देण्यात. फोनवर तू नुसतं 'हं' म्हणाली असतीस आणि पुढची शांतता मला ऐकावी लागली असती. कागदावर तुला गप्प बसता येणार नाही.

आमचे चिरंजीव पूल तपासत हिंडत असतात. रविवारी फोन येतो. मी जेवले का ते विचारतो, मी हो म्हणते, की झालं. घर एवढं शांत आहे की फ्रिजची घरघर थांबली की दचकायला होतं.

लोभ माझ्याकडून आहेच. तुझ्याकडचा कळव.

तुझी,
(कोण ते तू ठरव)

*

१९ नोव्हेंबर

ती. ........ यांना,
सा. न. वि. वि.

काय म्हणावं ते कळेना, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. राग मानू नये.

पत्र पोचलं. अंजिराचं वाचून वाईट वाटलं. माझ्या मते सेज लावावा. पहिल्याच वर्षी फुलतो, मधमाश्या येतात, पान चुरडलं की हाताला वास राहतो. फुलं सरली की छाटायचा, परत फुटतो. फार पाणी मागत नाही, फार लक्षही मागत नाही. नासपतीला फळ धरायला काही वर्षं जातात. दर वर्षी छाटणी करावी लागते, कीड बघावी लागते, शिडीवर चढावं लागतं. शिवाय एकटं झाड सहसा फळत नाही, जवळपास दुसऱ्या जातीची नासपती लागते. एवढं सगळं कोण करणार? तरी एकदा त्यांनाही विचारावं. घर त्यांचंही आहे.

मी बरी आहे. या गावातही दातांच्या लॅबमध्येच काम करते. दिवसभर मेणात कुणाकुणाचे दात बसवते. हल्ली माणसांकडे बघताना आधी तोंडाकडे लक्ष जातं. खोली गादीवाल्याच्या दुकानावर आहे. दिवसभर खालून मशीन चालतं, संध्याकाळी ते बंद झालं की मग रेडिओ लावते. कार्यक्रम कुठलाही असो, कुणीतरी बोलत असलं म्हणजे झालं.

गुडघ्याचं तेल चालू आहे ना? लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. मी खरंच तसं म्हणते आहे.

आपली,
टाचणी

*

७ डिसेंबर

चि. टाचणी हिस,
अनेक आशीर्वाद, आणि एक रागाचा.

मोकळी जागा सोडतेस होय? एवढी वर्षं आई म्हणालीस, ते काय घरभाड्यासारखं होतं, जागा सोडली की बंद? आणि सेजची शिफारस वाचून तर कपाळावर हात मारला. फार लक्ष मागत नाही म्हणे! गाडीत म्हातारीला खिडकीजवळची जागा देऊन उपकार करतात तसं लिहिलं आहेस. अगं, त्या कोपऱ्यात कपडे धुवायच्या नळाचं पाणी मुरतं, तिथली माती कधी वाळत नाही. सेजची मुळं महिन्याभरात कुजतील. नासपतीला ओल चालते. तूच तिथं घसरून कोपर फोडून घेतलं होतंस, आणि तूच विसरलीस?

दुसऱ्या झाडाचं मी नर्सरीवाल्याला विचारलं. मागच्या गल्लीतल्या शाळेच्या आवारात एक जुनी नासपती आहे, तेवढं अंतर मधमाश्यांना काहीच नाही, असं तो म्हणाला.

आता दुसरी बातमी. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. तो लग्न करतो आहे. मुलगी त्याच्याच ऑफिसात नकाशे काढते. गेल्या आठवड्यात घेऊन आला होता. मी तिच्यात खोट शोधायचा खूप प्रयत्न केला, एकही सापडली नाही, त्यामुळे आणखी चिडले. कपबशा धुऊन ठेवल्या, त्याही जागच्या जागी. जाताना मला आई म्हणाली. मी मागे वळून बघितलं, तू आलीस की काय म्हणून. तिच्या ते लक्षात आलं बहुतेक. बिचारी नुसतं 'येते' म्हणून निघाली.

तुम्ही दोघं भांडला असतात, भांडी आपटली असतीत, तर मला कुणाची तरी बाजू घेता आली असती. तुम्ही अगदी शहाण्यासारखे वेगळे झालात. मी कुणावर चिडू ते सांग.

उत्तर लिही. लोभ कमी झाला असेल तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
आई (मोकळी जागा मीच भरली)

*

११ जानेवारी

ती. आईंना,
कृ. शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसत होते आणि उठत होते.

कोपरा मी विसरले नव्हते. तिथली ओल माझ्या कोपराला अजून आठवते. पण नासपती लिहिली असती, तर तुम्ही 'बरं' म्हणून नासपती लावली असतीत आणि पत्र तिथंच संपलं असतं. सेज लिहिला की तुम्ही भांडायला येणार हे ठाऊक होतं. तुमचं भांडण ऐकून बरेच दिवस झाले होते.

त्यांच्या लग्नाचं वाचलं. चांगलं झालं. हे मनापासून लिहिते आहे, जरी ते लिहायला महिना लागला. आम्ही एकमेकांशी चांगले वागलो, आई, फक्त एकमेकांना काही सांगायचं उरलं नव्हतं. जेवताना मीठ पुढे करायचो, तेवढंच बोलणं. त्यात कुणाची बाजू घेण्यासारखं काही नव्हतं.

आता एक सांगते, रागावू नका. पत्रं थांबवू या. तुमच्या घरी नवीन माणूस येणार, तिला तुम्हाला आई म्हणायचं आहे. पोस्टमननं माझं पाकीट तिच्या हातात दिलं तर तिला काय वाटेल? मला माझी आई आठवतसुद्धा नाही, मी लहान असतानाच ती गेली. त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा वापरला तो तुमच्यासाठी, आणि तो सोडणं मला सोपं जातंय असं समजू नका. पण तिची जागा अडवून बसणं बरं नाही.

नासपती लावा. कलम केलेला जोड मातीच्या वर राहू द्या. पहिल्या वर्षी काठीचा आधार द्या.

तुमची,
टाचणी

*

२० फेब्रुवारी

चि. टाचणी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्रं थांबवायचं तुझं पत्र मिळालं. मी मोठी आहे, तेव्हा शेवटचं पत्र लिहायचा मान माझा.

लग्न झालं. कचेरीत सह्या, मग एका हॉलमध्ये जेवण. मी नवी चप्पल घातली होती, ती दिवसभर चावली. माणसं पुष्कळ होती, पण सगळी त्यांच्या ऑफिसातली. कोण पूल, कोण रस्ते. मला एका टेबलाशी बसवलं होतं. शेजारी नवरीची कुणी मावशी होती. तिनं गप्पा काढाव्यात म्हणून विचारलं, तुम्हाला मुलं किती? मी म्हटलं, दोन. एक मुलगा, एक मुलगी. तोंडातून निघूनच गेलं. मुलगी दिसत नाही कुठे, असं तिनं विचारल्यावर मी म्हटलं, नोकरी करते, रजा नाही मिळाली. मावशी म्हणाली, हल्ली असंच असतं.

नवी सून मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, आता हिचा चेहरा पडणार. माझा ग्लास रिकामा होता, त्यात तिनं पाणी ओतलं आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. मग हळूच म्हणाली, त्यांना कळवलं होतं का लग्नाचं? मी म्हटलं, कळवलं होतं. ती म्हणाली, बरं केलंत.

मग मला घरी सोडून दोघं त्यांच्या नव्या घरी गेली. कुलूप उघडून आत आले आणि कितीतरी वेळ दिवाच लावला नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सरीवाला नासपती लावून गेला. जोड मातीच्या वर ठेवला आहे, काठी बांधली आहे. अजून नुसती छडीच दिसते. खिडकीतून भिंतही तेवढीच दिसते. पण बघायला काहीतरी झालं.

एवढंच. सुखी राहा. लोभाचं मी काही लिहीत नाही, तुला ठाऊक आहे.

तुझी,
आई

*

२७ फेब्रुवारी

ती. आईंना,
कृ. शि. सा. न. वि. वि.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. चार दिवस राहीन. न्यायला स्टेशनवर येऊ नका, गुडघा दुखेल.

लॅबच्या मालकांनी रजेचं कारण विचारलं. मी म्हटलं, आईकडे जायचं आहे. ते म्हणाले, तुम्हाला आई आहे हे कधी बोलला नाहीत. इथं आल्यापासून कधी गेलाही नाहीत.

मी म्हटलं, रजा मिळत नव्हती.

बाकी समक्ष.

तुमची,
टाचणी